दुधाच्या पिशवीमागचा गोठा



२०२२ च्या सप्टेंबरातली गोष्ट. पर्युषण नुकतंच झालं होतं, क्षमापनेचे निरोप अजून फोनवर येत होते, आणि आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागला : लम्पी झालेल्या गायीचं दूध चालतं का? ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यात हा आजार पहिल्यांदा दिसला होता आणि महिन्याभरात आपल्या भागापर्यंत पोहोचला होता. राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले. पशुसंवर्धन खात्याने सांगितलं की हा आजार माणसाला होत नाही, दूध उकळून घ्यावं, भीती नाही. आम्ही सगळ्या निश्चिंत झालो.

आमच्याकडे फुलंब्रीकडून दूध घालणारे दादा मात्र आठ दिवस आले नाहीत. नवव्या दिवशी आले तेव्हा किटली अर्धीच होती. मी दारातच विचारलं, "दादा, दूध चांगलं आहे ना?" ते म्हणाले, "दूध चांगलंय ताई. गाय गेली."

त्याच पंधरवड्यात आम्ही चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागितली होती. ग्रुपवर शंभरेक निरोप आले असतील, पण गाय कशी आहे हे एकीनेही विचारलं नव्हतं. माझ्यासकट. ते मनाला लागून राहिलं, आणि मग आपल्या घरात येणाऱ्या दुधाची पाठीमागची वाट शोधत मी वाचू लागले. त्यात जे सापडलं ते आज मांडते आहे. जरा मोठं झालंय, दुपारच्या निवांत वेळी वाचा.

सुरुवात आपल्याच घरातून करते. श्वेतांबर आगमांतल्या उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांच्या कथा आहेत. त्यातला पहिला आनंद श्रावक, वाणिज्यग्रामचा. त्याच्याकडे चार गोकुळं होती आणि एकेका गोकुळात दहा हजार जनावरं. म्हणजे भगवंतांचा आदर्श श्रावक ४०,००० जनावरांचा धनी. त्याला कोणी जनावरं सोडून दे म्हटलं नाही. त्याने आपल्या परिग्रहाची मर्यादा बांधली आणि बारा व्रतं घेतली. जनावर पाळणं निषिद्ध नव्हतं. पाळताना काय करायचं नाही, हे मात्र फार बारकाईने सांगितलेलं होतं.

ते कुठे सांगितलंय? अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत. तत्त्वार्थसूत्र दिगंबर-श्वेतांबर दोघांनाही मान्य, आणि त्यातही हे पाच आहेत : बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतका भार लादणं आणि अन्नपाणी अडवणं. प्रतिक्रमणात आपण हे वर्षानुवर्षं म्हणत आलोय. मी तरी नीट अर्थ न लावताच म्हणत होते. हे अतिचार मला नेहमी माणसांशी वागण्याबद्दलचे वाटायचे. पण टीकाकारांचं विवेचन वाचलं की समोर चक्क गोठाच उभा राहतो. बांधायचं तर गाठ सैल ठेवा, आग लागली तर जनावर पटकन सोडवता आलं पाहिजे. आपल्यावर अवलंबून असलेल्यांना खाऊ घातल्याशिवाय आपण जेवू नका. पंधरा कर्मादानांत, म्हणजे श्रावकाने टाळायच्या धंद्यांत, जनावरांना डागणं आणि खच्ची करणं हाही एक धंदा मोजलाय. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी गोठे जवळून पाहिले असणार.

या नियमांमागे एक गृहीत होतं, ते असं की जनावर आपल्या डोळ्यांसमोर आहे. दोरी आपल्या हातात, गव्हाण आपल्या अंगणात. ते सुटलं कधी, तर शहरं वाढली तेव्हा.

मुंबईचं उदाहरण घेऊ, कारण तिथली नोंद सगळ्यात चांगली आहे. १८३२ मध्ये कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला तेव्हा शहरात दंगल झाली, पारशी लोक त्यात पुढे होते. त्यातून १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांनी मुंबई पांजरापोळ उभी केली. हे मोतीचंद म्हणजे आपले मोतीशा शेठ. शत्रुंजयावरची मोतीशा टूंक आपण चढून पाहिली आहे, भायखळ्याचं आदीश्वर मंदिर पाहिलं आहे, ते त्यांचंच. पांजरापोळेचा खर्च चालावा म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर छोटी लाग बसवून घेतली होती. धंद्यातला एक हिस्सा जनावराचा, अशी ती सरळ रीत. आजच्या देणगीच्या पावतीपेक्षा ती मला जास्त भावते, कारण तिच्यात देणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्नच उरत नव्हता.

पण पांजरापोळ भुलेश्वरात होती आणि त्याच शहरात तबेले वाढत होते. लोकसंख्या वाढली, बर्फपेट्या नाहीत, गाड्या सावकाश. दूध दुरून आणलं तर नासणार. म्हणून म्हैसच शहरात आणली. गुजरातेतून, उत्तरेतून व्यालेल्या म्हशी आगगाडीने यायच्या. तबेल्यात जागेचं भाडं जबर, चारा विकतचा. अशा ठिकाणी पारडू पाळणं तबेलेवाल्याला परवडेना, कारण पारडू पिणार ते दूधच. ते उपासमारीने मरायचं. म्हैस पान्हा सोडेना म्हणून त्याच्या कातड्यात भुस्सा भरून तिच्यापुढे ठेवायचे. आणि आठ-दहा महिन्यांनी म्हैस आटली की भाकड काळात तिला पोसणं आणखी न परवडणारं. ती कसायाकडे जायची आणि तिच्या जागी नवी व्यालेली यायची. पाच-सहा वेतं सहज देऊ शकणारं उत्तम जनावर एका वेतात संपायचं. आपल्या अतिचारांशी ताडून पाहा, पाचातले निदान तीन तिथे रोज घडत होते. आणि दूध कुठे जात होतं? ज्या घरांतून पांजरापोळेला लाग जात होती, त्या घरांतही जात होतंच.

याहून वाईट एक प्रकार होता, त्याचं नाव फुका. वासरू नसलेल्या जनावराने पान्हा सोडावा म्हणून नळीने त्याच्या योनिमार्गात हवा फुंकायची. लिहितानाही हात अडखळतो, पण आपण बायका आहोत, आपल्याला कळलं पाहिजे. कलकत्त्यात हा प्रकार इतका चालत असे की १८९० च्या प्राणी क्रूरता कायद्यात त्याचं नाव घेऊन बंदी घालावी लागली. गांधीजींनी दूध सोडलं त्यामागे हेही कारण होतं. श्रीमद राजचंद्रांकडून त्यांना दूध विकार वाढवतं हे आधी कळलं होतं, पुढे कलकत्त्याहून गोठ्यांच्या हकिकती वाचायला मिळाल्या, आणि १९१२ मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडलं. १९१९ च्या सुरुवातीला ते फार आजारी असताना मुंबईत डॉक्टर दुधाचा आग्रह धरू लागले. तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या की तुमचं व्रत गायी-म्हशीच्या दुधाचं, मग शेळीचं चालेल की. गांधीजींनी ते घेतलं, पण व्रताचा शब्द पाळून अर्थ मोडला ही खंत त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे. मला या प्रसंगात कस्तुरबाच जास्त आपल्या वाटतात. घरातला माणूस मरणाच्या दारी असताना बाई पळवाट शोधणारच.

फुक्याची जागा आता इंजेक्शनने घेतली आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं १२ वं कलम फुक्याबरोबर दूध वाढवण्यासाठी दिलेल्या अपायकारक इंजेक्शनलाही गुन्हा ठरवतं. ऑक्सिटोसिन हे नाव तुमच्यापैकी अनेकींनी बाळंतपणात ऐकलं असेल. कळा याव्यात म्हणून आपल्याला देतात तेच हे. कुठल्याकुठल्या गोठ्यात ते म्हशीला रोज दोनदा टोचलं जातं. प्रसूतीच्या कळा आठवा आणि मग चहाचं आधण ठेवा, एवढंच म्हणते.

तबेले शहरातून काढायचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे आरे. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे दूध वसाहत सुरू झाली. सुमारे १,२८७ हेक्टर जागा, ३२ गोठे, १६,००० च्या आसपास जनावरं. १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्‌घाटन केलं. मोकळी हवा, स्वच्छ पाणी, हिरवा चारा, डॉक्टर जवळ. शहरातल्या अंधाऱ्या तबेल्यापेक्षा ते हजारपटीने बरं. आरेच्या काचेच्या बाटल्या आणि दुधाचं कार्ड आपल्या मुंबईच्या नातेवाइकांना अजून आठवतं. तरीही म्हशी तिथेही खासगी मालकांच्याच होत्या आणि पारडाचा, भाकड म्हशीचा हिशेब तिथेही अवघडच राहिला.

म्हशीचं खरं भलं झालं ते दुसऱ्या वाटेने. मुंबई दूध योजनेसाठी आणंदहून दूध थंड करून आगगाडीने सुमारे ४०० किलोमीटर आणलं जाऊ लागलं, १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी संघ काढला, आणि १९७० नंतर दूध महापुराच्या योजनेने ही पद्धत देशभर नेली. त्यात कोणी जीवदयेचं नाव घेतलं नव्हतं. पण परिणाम पाहा. प्रवास आता दूध करू लागलं आणि म्हैस गावीच राहिली. भाकड काळात ती बांधावरचं गवत, कडबा खाऊन निभावते, पुढच्या वेतापर्यंत जगते. संघाचा डॉक्टर गावात येतो. माझं मत विचाराल तर, दूध थंड करणाऱ्या यंत्राने जितक्या म्हशी वाचवल्या तितक्या आपल्या सगळ्या पांजरापोळांनी मिळून वाचवल्या नसतील. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण माझ्या माहेरी दरवर्षी पांजरापोळेला चाऱ्याची गाडी जाते आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे.

आपल्या मराठवाड्याची कथा थोडी निराळी. इथे देवणी आणि लाल कंधारी ही आपली जनावरं, एक लातूरकडची, एक नांदेडकडची. बैल दणकट, दूध बेताचं. सासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी खेड्यात दूध विकणं कमीपणाचं मानत, ताक तर फुकटच वाटत. निजामाचं राज्य १९४८ ला संपलं, पुढे डेअऱ्या आल्या, मग जर्सी आणि होल्स्टीनच्या संकरित गायी आल्या. दूध वाढलं. पण संकरित गाय आपल्या उन्हाला लवकर दमते, गोचिडांच्या तापाने आजारी पडते, कास लवकर सुजते. त्यात दुष्काळ. १९७२ चा मोठ्यांनी पाहिला, २०१३ आणि २०१९ चा आपण पाहिला. जनावरं चारा छावणीत आणि आपल्या दारात पिशवी रोजच्या वेळेला. त्या दोन्ही वर्षी एक दिवसही माझा चहा चुकला नाही, हे मला आता आठवतं.

रोगांबद्दल एक चांगली गोष्टही सांगायला हवी. बुळकांडी हा शब्द आता फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिला आहे. हा रोग आला की गावंच्या गावं बैलांवाचून रिकामी व्हायची. त्याच्या अभ्यासासाठी सरकारने १८८९ मध्ये प्रयोगशाळा काढली ती आपल्या पुण्यात. चार वर्षांनी ती हिमालयात मुक्तेश्वरला नेली. तिथे शेळ्यांच्या शरीरातून विषाणू नेत नेत लस तयार झाली. १९५४ पासून देशभर लसीकरण झालं, १९९५ नंतर भारतात एकही जनावर त्याने आजारी पडलं नाही आणि २०११ मध्ये जगानेच हा रोग संपल्याचं जाहीर केलं. देवीनंतर संपलेला हा दुसराच रोग. त्या शेळ्यांचं काय, हा प्रश्न आपल्या मनात येतोच. मला त्याचं उत्तर देता येत नाही. २०२२ मध्ये लम्पीसाठीही आपल्याकडे शेळ्यांच्या देवीचीच लस वापरली गेली, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न आला.

आता दुकानातल्या पिशवीकडे येऊ. तिच्यावर हिरवा ठिपका असतो, शाकाहाराचा. फॅट आणि एसएनएफचे आकडे असतात, कारण शेतकऱ्यालाही भाव त्यावरच मिळतो. गाय निरोगी आहे का, वासरू जगलं का, याचा भाव कोणी देत नाही. पण गायीची तब्येत दुधात उतरतेच. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीने असुरक्षित निघाले फक्त १२. पण ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त होते आणि ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ जास्त होतं. पहिलं येतं कास सुजलेल्या गायीला औषध देऊन ठरलेले दिवस न थांबता दूध घातलं की. दुसरं येतं बुरशी आलेल्या पेंडीतून, चाऱ्यातून. आपण दारात दुधात बोट बुडवून पाणी शोधतो. आजारी कास आणि बुरसलेली पेंड बोटाला कळत नाही.

इंग्लंडात हा विचार १९६४ मध्ये रूथ हॅरिसन नावाच्या बाईंच्या एका पुस्तकाने सुरू झाला. कारखान्यासारख्या गोठ्यांचं वर्णन वाचून लोक इतके हादरले की सरकारने समिती नेमली. १९६५ च्या अहवालात म्हटलं की जनावराला निदान वळता यावं, उठता-बसता यावं, अंग चाटता यावं, हातपाय ताणता यावेत. पुढे त्यातून पाच स्वातंत्र्यं निघाली : भुकेपासून, गैरसोयीपासून, वेदना-आजारापासून, भीतीपासून, आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याचं. आज तिकडच्या मोठ्या दुकानांच्या खरेदीच्या अटींत हे असतं. मी आपले पाच अतिचार शेजारी ठेवून पाहिले. पुष्कळ जुळतात. फरक एवढाच की तिकडे दुकानदार विचारतो, आणि आपल्याकडे विचारायची जबाबदारी प्रतिक्रमण म्हणणाऱ्या बाईची आहे.

पारडाचं सांगायचं राहिलं. १९७६ च्या राज्य कायद्याने गोहत्या बंद झाली, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि गोऱ्हेही त्यात आले. म्हशी-रेड्यांना ती बंदी लागू नाही. आणि दाट चहासाठी आपण मागतो ते म्हशीचं. ट्रॅक्टर आल्यावर रेड्याला काम उरलं नाही, म्हणून नर पारडाच्या वाट्याचं दूध आजही पहिल्या दिवसापासून कमी होतं. तबेल्यातला तो जुना हिशेब अजून संपलेला नाही.

इथेच मला आपली एक जुनी रीत आठवली. व्यालेल्या गायीचं दूध दहा दिवस, म्हशीचं पंधरा आणि शेळीचं आठ दिवस अभक्ष्य. माझी आजी हे फार कडक पाळायची. शेजारून खरवस आला तर हात जोडून परत करायची, आम्हा मुलांना राग यायचा. तेव्हा ते सोवळ्याओवळ्याचं वाटायचं. आता पशुवैद्यकाचं पुस्तक वाचल्यावर कळतं की वासराला गर्भात रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती मिळते फक्त चिकातून आणि तीही पहिल्या काही तासांत. त्याच्या वजनाच्या दहावा हिस्सा चीक त्याच्या पोटात जायला हवा. तीस किलोचं पारडू असेल तर तीन लिटर. डेअरीच्या फ्रिजमध्ये मांडलेला खरवस कोणाच्या पोटातला असतो, ते सांगायला नको. आजीला हे शास्त्र माहीत नव्हतं, पण तिच्या हाताने त्या तीन लिटरची वाट सोडलेली होती.

दूध सोडावं का? मंडळातल्या दोघींनी सोडलंय. माझ्याने अजून झालेलं नाही. आयंबिलात आठ-नऊ दिवस दूध-तूप नसतं तेव्हा काही अडत नाही, आणि पारण्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चहा ठेवते, हे खरं ते लिहिते. मात्र गेल्या वर्षी मी आणि गल्लीतल्या चौघी मिळून फुलंब्रीला दादांच्या गोठ्यात जाऊन आलो. दावं सैल होतं. गव्हाणीत कडबा होता, पाण्याचा हौद भरलेला होता. मी लाजत लाजत विचारलं, "नर पारडू झालं तर काय करता?" ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "एक सड त्याचा ठेवतो म्हणायचं, पण हप्ता भरायचा असला की तोही काढतो. तुम्ही लिटरमागं काही जास्त दिलं तर ठेवता येईल." हिशेब मांडून आम्ही लिटरला आठ रुपये जास्त द्यायचं ठरवलं. महिन्याला प्रत्येकीच्या घरात चारशे-पाचशेचा फरक पडतो. यांनी विचारलं, "पावती मिळते का?" मी म्हटलं, "नाही."

परवा किटली पुन्हा अर्धी होती. मी विचारायच्या आत दादाच म्हणाले, "म्हैस व्याली ताई. पारडू नर आहे. पंधरा दिवस तिचं आणणार नाही, तुमच्यात चालत नाही ना."

"पारडू कसं आहे?" मी विचारलं.

"उभं राहिलंय," ते म्हणाले आणि पुढच्या दाराकडे गेले.